ताऱ्यांचे तेज मोजणारे हैद्राबादकर : डॉ. वेणू बाप्पू



आपल्या हैद्राबाद शहराची कीर्ती चारमिनार, गोवळकोंड्याचा किल्ला आणि मोत्यांचा बाजार यांमुळे दूरवर पसरलेली आहे. परंतु याच शहराने एके काळी आकाशातील सात लक्षांहून अधिक ताऱ्यांची स्थाने मोजून ती जगाच्या हवाली केली, ही गोष्ट आपल्यापैकी फारच थोड्यांस ठाऊक असेल. हे काम करणारी निजामिया वेधशाळा आपल्या बेगमपेठेत होती. तिच्या सहवासात वाढलेला एक मुलगा पुढे साऱ्या जगातील ज्योतिर्विदांच्या संघटनेचा अध्यक्ष झाला. त्यांचे नाव डॉ. मनाली कल्लट वेणू बाप्पू. त्यांचे चरित्र आज आम्ही आपणांपुढे ठेवीत आहो.

हे चरित्र लिहावयास निमित्त झाले ते वर्गातील एका प्रश्नाचे. दीर्घिकांच्या वस्तुमानापैकी बहुतेक भाग डोळ्यांस अथवा दुर्बिणीस दिसतच नाही, असे एका विद्यार्थिनीच्या वाचनात आले होते. जे दिसत नाही त्याचे वजन कोणी व कसे केले, असे तिने आम्हांस विचारले. आम्ही कला शाखेचे पदवीधर. त्या क्षणी आम्हांस उत्तर देता आले नाही. मग ग्रंथ धुंडाळू लागलो, आणि उत्तर शोधता शोधता आपल्याच शहरातील वेधशाळेपाशी व वेणू बाप्पूंपाशी येऊन पोहोचलो.

प्रथम त्या वेधशाळेविषयी दोन शब्द सांगणे अगत्याचे आहे. नवाब जफर जंग नावाचे एक सरदार हैद्राबादेत होऊन गेले. त्यांना ज्योतिषशास्त्राचा मोठा नाद. विसाव्या शतकाच्या प्रारंभी त्यांनी इंग्लंडहून १५ इंच व्यासाची दुर्बीण स्वखर्चाने आणविली आणि वेधशाळेचा पाया घातला. त्यांच्या निधनानंतर, १९०८ साली, निजाम सरकारने ती वेधशाळा आपल्याकडे घेतली आणि कालांतराने ती उस्मानिया विद्यापीठाकडे सोपविण्यात आली.

त्या काळी जगातील सुमारे वीस वेधशाळांनी मिळून एक महत्कार्य हाती घेतले होते. संपूर्ण आकाशाची छायाचित्रे काढावयाची आणि त्यांतील प्रत्येक ताऱ्याचे स्थान मोजून सूची तयार करावयाची, असा संकल्प १८८७ साली पॅरिस येथे करण्यात आला होता. आकाशाचे पट्टे पाडून एकेक पट्टा एकेका वेधशाळेस वाटून दिलेला होता. खगोलीय विषुववृत्ताच्या दक्षिणेस १७ ते २३ अंशांमधील पट्टा हैद्राबादच्या वाट्यास आला. रात्री काचेच्या पट्ट्यांवर छायाचित्रे घ्यावयाची आणि दिवसा सूक्ष्मदर्शकाखाली एकेक ठिपका मोजून त्याचे आकडे वहीत उतरवावयाचे, असे हे काम वर्षानुवर्षे चालले. ज्यांनी ते आकडे उतरविले त्यांची नावे आज कोणास स्मरत नाहीत. परंतु त्यांचे आकडे मात्र उरले.

वेणू बाप्पू यांचे घराणे मूळचे केरळातील तलश्शेरीचे. त्यांचा जन्म १० ऑगस्ट १९२७ रोजी मद्रास येथे झाला. त्यांचे वडील निजामिया वेधशाळेत ज्योतिर्विद म्हणून नोकरीस होते, म्हणून हे मल्याळी कुटुंब हैद्राबादेत नांदले. आईवडिलांचे हे एकुलते एक अपत्य. आमच्यासारख्या कोकणी बोलणाऱ्याने मराठी मुलांना शिकवावे, तेलुगू आणि उर्दू शेजाऱ्यांत राहावे, हे जसे या शहरात कोणास नवल वाटत नाही, तसेच त्यांचेही झाले. परप्रांतातून आलेल्या माणसास हे शहर आपलेसे करून घेते, हा त्याचा जुनाच गुण आहे.

इतर मुलांस क्रीडांगणाचे जसे आकर्षण, तसे या मुलास दुर्बिणीचे. निजाम कॉलेजात शिकत असतानाच ते रूपविकारी ताऱ्यांचे वेध घेऊ लागले. रूपविकारी तारे म्हणजे ज्यांचे तेज कमीअधिक होत असते असे तारे. त्यांविषयीचे त्यांचे लेख विद्यार्थिदशेतच प्रसिद्ध झाले. मद्रास विद्यापीठाची पदार्थविज्ञानातील एम. एस्सी. ही पदवी त्यांनी संपादन केली. तोवर देश स्वतंत्र झाला होता आणि १९४८ च्या सप्टेंबरात हैद्राबाद संस्थानही भारतीय संघराज्यात सामील झाले होते. त्यानंतर थोड्याच महिन्यांनी, १९४९ च्या आरंभी, हैद्राबाद सरकारची शिष्यवृत्ती घेऊन हा एकवीस वर्षांचा तरुण अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात दाखल झाला.

तेथे जाऊन सहा महिनेही झाले नव्हते, तोच एक अपूर्व घटना घडली. १९४९ च्या जुलै महिन्याच्या आरंभी रात्रीच्या आकाशाची एक छायाचित्रपट्टी तपासत असता त्यांस तीवर एक अपरिचित, धूसर वस्तू आढळली. तो एक नवा धूमकेतू होता. त्यांचे अध्यापक बार्ट बोक आणि सहाध्यायी गॉर्डन न्यूकर्क यांनी त्यास दुजोरा दिला आणि त्या धूमकेतूस बाप्पू-बोक-न्यूकर्क असे नाव मिळाले. पॅसिफिक ज्योतिष संस्थेचे धूमकेतू शोधणाऱ्यास मिळणारे डोनोहो पदकही त्यांस प्राप्त झाले. येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. त्या पट्टीवर तो डाग दिसणे हा योगायोग म्हणता येईल. परंतु असंख्य ठिपक्यांतून नेमका परका ठिपका ओळखणारा डोळा हा योगायोग नव्हे. तो डोळा हैद्राबादच्या रात्रींनी घडविलेला होता.

१९५२ साली त्यांनी हार्वर्डची डॉक्टरेट मिळविली. पाठोपाठ कार्नेजी संस्थेची अधिछात्रवृत्ती मिळून ते कॅलिफोर्नियातील माउंट विल्सन व पालोमार या वेधशाळांत गेले. पालोमार येथे २०० इंच व्यासाची दुर्बीण १९४८ सालीच उभी राहिली होती व त्या काळी जगात तिच्यापेक्षा मोठी दुर्बीण नव्हती. या वेधशाळांत ओलिन विल्सन या ज्योतिर्विदांच्या सहकार्याने वेणू बाप्पूंनी जे संशोधन केले, त्यानेच त्यांचे नाव ज्योतिषशास्त्रात कायमचे झाले.

ते संशोधन असे. रात्री हुसेनसागराच्या काठी उभे राहून पलीकडच्या तीरावरील दिवे पाहावे. जवळचा लहान दिवा आणि दूरचा मोठा दिवा डोळ्यांस सारखेच दिसतात. ताऱ्यांचेही तसेच आहे. तारा किती तेजस्वी दिसतो हे सांगता येते. परंतु तो खरोखर किती तेजस्वी आहे हे त्याचे अंतर कळल्यावाचून सांगता येत नाही, आणि बहुतेक ताऱ्यांचे अंतर तर प्रत्यक्ष मोजता येत नाही. विल्सन आणि बाप्पू यांनी तुलनेने थंड अशा पिवळ्या, नारिंगी आणि तांबड्या ताऱ्यांचे वर्णपट तपासले. त्या वर्णपटात जांभळ्या रंगाच्या भागात कॅल्शियमची एक रुंद काळी रेघ असते, आणि तिच्या गाभ्यात एक बारीक उजळ रेघ असते. तारा मुळात जितका तेजस्वी, तितकी ही उजळ रेघ रुंद, असे त्यांस आढळून आले. त्यांनी १८५ ताऱ्यांवर हा नियम पडताळून पाहिला आणि १९५७ साली तो प्रसिद्ध केला. अतिमंद ताऱ्यापासून अतितेजस्वी ताऱ्यापर्यंत, म्हणजे तेजात दहा लक्ष पटींचा फरक असला तरी, हा नियम टिकतो. याचा अर्थ असा की, केवळ एका रेघेची रुंदी मोजून दूरच्या दिव्याचे खरे तेज सांगता येते, आणि खरे तेज कळले की दिसणाऱ्या तेजाशी ताडून त्याचे अंतरही काढता येते. या नियमास विल्सन-बाप्पू परिणाम असे म्हणतात.

आता आमच्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाकडे वळू. दीर्घिकेचे वजन कसे करावयाचे? तिला तागडीत घालता येत नाही. परंतु सूर्याभोवती ग्रह फिरतात त्यावरून सूर्याचे वजन काढता येते. सूर्याजवळचा बुध सेकंदास सुमारे ४७ किलोमीटर वेगाने धावतो, तर दूरचा नेपच्यून सुमारे साडेपाच किलोमीटर वेगाने संथ चालतो. गुरुत्वाकर्षण दूरवर क्षीण होते, म्हणून दूरचा ग्रह मंद. हाच न्याय दीर्घिकांस लावला असता, तिच्या कडेचे तारे मंद गतीने फिरावयास हवेत, कारण दिसणारे तारे बहुतेक मध्यभागी दाटलेले असतात.

तथापि प्रत्यक्षात तसे आढळले नाही. १९३३ साली फ्रिट्झ झ्विकी या स्विस शास्त्रज्ञाने अरुंधती केश तारकासमूहातील दीर्घिकांच्या एका थव्याचा अभ्यास केला. त्या दीर्घिका इतक्या वेगाने धावत होत्या की दिसणाऱ्या ताऱ्यांच्या आकर्षणाने त्यांचा थवा एकत्र राहणेच शक्य नव्हते. थवा तर एकत्र होता. तेव्हा तेथे न दिसणारे द्रव्य पुष्कळ असले पाहिजे, असा निष्कर्ष त्याने काढला. पुष्कळ वर्षे या निष्कर्षाकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही. पुढे १९७० साली व्हेरा रुबिन आणि केंट फोर्ड यांनी देवयानी दीर्घिकेतील परिभ्रमणाचे वेग मोजून प्रसिद्ध केले. मध्यापासून दूर जावे तरी वेग अपेक्षेप्रमाणे घटत नाहीत, असे त्यांस दिसले. त्यानंतरच्या दहा वर्षांत अनेक दीर्घिकांत हेच आढळले, आणि जगास मान्य करावे लागले की प्रत्येक दीर्घिका एका अदृश्य द्रव्याच्या विशाल वलयात बुडालेली आहे. यालाच कृष्णद्रव्य म्हणतात. विश्वातील एकंदर द्रव्यापैकी सुमारे ८५ टक्के द्रव्य या प्रकारचे आहे, असे आजचे शास्त्र सांगते. आकाशगंगेत जे काळे ढग दिसतात ते मात्र हे नव्हे. ते साध्या धुळीचे व वायूचे ढग असून मागील ताऱ्यांचा प्रकाश अडवितात. कृष्णद्रव्य प्रकाश देतही नाही आणि अडवीतही नाही.

आमचे बालपण समुद्रकाठी गेले. मासेमारीच्या होड्या पहाटे परत येत, तेव्हा होडीच्या पोटातील मासळी काठावरून दिसत नसे. परंतु होडी पाण्यात किती बुडालेली आहे हे पाहून काठावरची वडील मंडळी त्या दिवशी किती मासळी गवसली ते अचूक ओळखीत. न दिसणाऱ्या मालाचा भार दिसणाऱ्या होडीवरून कळतो. कृष्णद्रव्याचे वजन याच रीतीने कळते. ताऱ्यांचा वेग ही येथे होडीच्या बुडीची खूण.

परंतु नुसती खूण ओळखून भागत नाही. हिशेब चोख हवा. दीर्घिकेचे अंतर आपण प्रत्यक्षाहून निम्मे धरले, तर वेगावरून काढलेले तिचे वजन निम्मे येते. परंतु तिचे खरे तेज, आणि त्यावरून काढलेले ताऱ्यांचे वजन, एकचतुर्थांश येते. मग न दिसणाऱ्या द्रव्याचे प्रमाण विनाकारण दुप्पट फुगते. झ्विकीच्या बाबतीत असेच घडले होते. न दिसणारे द्रव्य दिसणाऱ्याच्या निदान चारशे पट असावे, असा त्याचा हिशेब होता. त्या काळी दीर्घिकांची अंतरे फारच कमी समजली जात असल्यामुळे तो आकडा वाढला होता. पुढे अंतरे सुधारली तसा तो पुष्कळ खाली आला. त्या थव्यात क्ष-किरणांनी ओळखू येणारा, ताऱ्यांहूनही वजनाने अधिक असा तप्त वायू सापडला, तोही हिशेबात धरला गेला. इतके सारे करूनही जमाखर्च जुळेना, तेव्हाच कृष्णद्रव्य मानणे भाग पडले.

म्हणून ज्यांनी ताऱ्यांचे खरे तेज आणि अंतर मोजण्याच्या रीती घालून दिल्या, त्यांचे ऋण या शोधावर आहे. वेणू बाप्पूंनी कृष्णद्रव्याचा शोध लावला, असे आम्ही म्हणत नाही. तसे म्हणणे खोटे होईल. त्यांचा नियम आपल्या आकाशगंगेतील ताऱ्यांपुरता आहे, दूरच्या दीर्घिकांपर्यंत तो पोहोचत नाही. परंतु विश्वातील अंतरे मोजण्याची जी शिडी आहे, तिची वरची पायरी खालच्या पायरीवर टेकलेली असते. खालच्या पायऱ्यांपैकी एक पक्की करण्यास आपल्या हैद्राबादच्या या सुपुत्राचा हात लागला, एवढे सत्य आम्हांस पुरेसे वाटते.

परदेशी एवढी कीर्ती मिळाल्यावर जगातील सर्वांत मोठ्या दुर्बिणीपाशी राहण्याचा मोह कोणासही झाला असता. वेणू बाप्पू मायदेशी परत आले. येथे मोठी दुर्बीण नव्हती, ती बनविणारे कारखाने नव्हते, आणि या शास्त्राकडे वळणारे विद्यार्थीही थोडेच होते. १९५४ साली वाराणसी येथे उत्तर प्रदेश सरकारची वेधशाळा निघाली, तिचे प्रमुखपद त्यांनी स्वीकारले. गंगाकाठचे धुळकट आकाश वेधास उपयोगी नाही हे ओळखून ती वेधशाळा त्यांनी नैनितालच्या पहाडात नेली. १९६० साली कोडाइकानल येथील वेधशाळेचे संचालकपद त्यांच्याकडे आले. तेव्हा त्यांचे वय अवघे बत्तीस-तेहेतीस वर्षांचे होते.

कोडाइकानलची वेधशाळा मुख्यतः सूर्याच्या अभ्यासासाठी प्रसिद्ध होती. ताऱ्यांसाठी निराळी जागा हवी होती. शोध करता करता तमिळनाडूतील जवादी डोंगरांत कावलूर नावाचे खेडे त्यांच्या नजरेस आले. तेथे शहराचा उजेड नाही, आणि विषुववृत्तापासून ते स्थान केवळ साडेबारा अंशांवर असल्यामुळे दक्षिण आकाशाचाही मोठा भाग तेथून दिसतो. कोडाइकानलच्या कार्यशाळेत ३८ सेंटिमीटर व्यासाची दुर्बीण घरच्या घरी बनवून १९६८ च्या सुमारास तेथे कामास प्रारंभ झाला. पुढे १९७२ साली एक मीटर व्यासाची दुर्बीण आली. १० मार्च १९७७ रोजी युरेनस ग्रह एका ताऱ्यासमोरून गेला, तेव्हा त्या ताऱ्याचा प्रकाश ग्रहाच्या आधीच क्षणभर मंदावल्याचे कावलूर येथेही टिपले गेले. युरेनसभोवतीच्या कड्यांच्या शोधात अशा रीतीने भारताचाही वाटा आहे. १९७१ साली कोडाइकानलच्या या संस्थेस स्वायत्तता मिळून भारतीय खगोलभौतिकी संस्था स्थापन झाली आणि वेणू बाप्पू तिचे पहिले संचालक झाले. तिचे मुख्य ठाणे पुढे बंगलोर येथे झाले.

तथापि त्यांच्या मनात याहून मोठे स्वप्न होते. भारतात एक मोठी दुर्बीण असावी, आणि ती विकत न आणता आपल्याच माणसांच्या हातांनी घडावी, असा त्यांचा ध्यास होता. विकत आणलेली दुर्बीण लौकर आली असती हे त्यांस ठाऊक नव्हते असे नाही. परंतु दुर्बिणीबरोबर ती घडविणारी माणसेही घडली पाहिजेत, यावर त्यांची श्रद्धा होती. २.३४ मीटर व्यासाच्या आरशाचे काम सुरू झाले. अशा आरशास घासून घासून आकार देणे हे वर्षानुवर्षांचे काम. मिलिमीटरचा सहस्रांश भागही तेथे मोठा ठरतो. बंगलोरच्या कार्यशाळेत ते काम धीमेपणाने चालले.

१९७९ साली आंतरराष्ट्रीय ज्योतिष महासंघाचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. हा मान मिळविणारे ते पहिले भारतीय होत. १९८१ साली भारत सरकारने त्यांस पद्मभूषण किताब दिला. १९८२ च्या ऑगस्टमध्ये महासंघाचे अधिवेशन ग्रीसमधील पात्रास नगरीत भरले. त्यास अध्यक्ष या नात्याने उपस्थित राहणे मात्र वेणू बाप्पूंच्या नशिबी नव्हते. ते म्युनिक येथे रुग्णालयात होते, आणि हृदयावरील शस्त्रक्रियेनंतर १९ ऑगस्ट १९८२ रोजी तेथेच त्यांचे देहावसान झाले. पंचावन्नावा वाढदिवस होऊन अवघे नऊ दिवस झाले होते. आरसा अद्याप पुरा व्हावयाचा होता.

परंतु कार्य थांबले नाही. त्यांनी तयार केलेल्या माणसांनी आरसा पुरा केला, दुर्बीण कावलूर येथे उभी केली, आणि ६ जानेवारी १९८६ रोजी पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते वेधशाळेस व दुर्बिणीस वेणू बाप्पू यांचे नाव देण्यात आले. ज्या दुर्बिणीतून पाहण्यासाठी त्यांनी उभे आयुष्य वेचले, तीतून त्यांस एकही तारा पाहता आला नाही. ही गोष्ट वाचताना मन खिन्न होते. पण दुर्बिणीबरोबर माणसे घडविण्याचा जो हट्ट त्यांनी धरला होता, तो किती योग्य होता हेही त्यावरूनच कळते. केवळ यंत्र विकत आणले असते, तर त्यांच्या पश्चात ते यंत्रच उरले असते.

मित्रहो, कृष्णद्रव्याचे वजन माणसास कळले आहे; परंतु ते कशाचे बनलेले आहे हे अद्याप कोणासही ठाऊक नाही. त्याचा एकही कण आजवर कोणाच्या हाती निश्चितपणे लागलेला नाही. आमच्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर आम्ही येथे दिले आहे. उरलेले अर्धे देणारा कोणी आज कुठल्या तरी शाळेच्या बाकावर बसलेला असेल. तो आपल्या शाळेचा नसेलच, असे आम्ही का मानावे? पुढच्या खेपेस बेगमपेठेच्या रस्त्याने जाल, तेव्हा या गावात एके काळी रात्रभर जागून तारे मोजणारी माणसे होती, आणि त्यांच्यातील एकाचा मुलगा आकाशाचा नाद घेऊन जगभर गेला व परत आला, याची आठवण ठेवा. त्या रात्री घरी गेल्यावर क्षणभर गच्चीवर जाऊन वर पाहा. शहराच्या उजेडातूनही काही तारे दिसतील. बाकीचे दिसत नाहीत म्हणून ते नाहीत, असे मात्र समजू नका.